सरावातली पाहुणी

तिला आम्ही सगळे पाहुणी म्हणायचो. नाव ठेवलं होतं कॅप्टनने, आणि कॅप्टनने ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की निघत नसे. कारण साधं होतं. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात सरावाच्या वेळी दोन गट पडायचे. एका गटात पहिल्या पाच जणी, म्हणजे सामन्याला सुरुवात करणाऱ्या. दुसऱ्या गटात उरलेल्या, अंगात पांढरी बिबं, म्हणजे जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, अडकवून पाहुणा संघ झालेल्या. पुढचा सामना ज्यांच्याशी असेल त्यांच्यासारखं या उरलेल्यांनी आठवडाभर खेळायचं, त्यांच्याच चाली चालायच्या, म्हणजे आमच्या पाच जणींना त्या मोडायची सवय होते. बाकीच्या मुली हे काम तोंड वाकडं करून करायच्या. ही मात्र जीव ओतून करायची.

मी त्या संघाची सहायक प्रशिक्षक होते. म्हणजे घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, बॉलमध्ये हवा भरायची, मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सर, ओरडले की मुलींची समजूत काढायची आणि मुली रुसल्या की सरांची. मुली मला ताई म्हणायच्या. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. सरांबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते त्या हिशेबाने वाचा.

पाहुणीची कामाची पद्धत अशी. समोरच्या संघातली सगळ्यात मोठी डोकेदुखी कोण हे सर ठरवायचे आणि तिच्या सामन्याचा व्हिडिओ पाहुणीच्या मोबाइलवर पाठवायचे. ही कपडे बदलायच्या खोलीत बाकावर मांडी घालून बसायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघायची. ती मुलगी बॉल कुठून टाकते एवढंच नाही. तळवे बुटांना कधी पुसते, दमली की हात कमरेवर ठेवते की गुडघ्यांवर, पास द्यायच्या आधी नजर कुठे जाते, सगळं. दोन दिवसांनी कोर्टावर वेगळीच मुलगी उभी असायची. एकदा तिने एक धसमुसळी डावखुरी इतकी हुबेहूब उभी केली की कॅप्टनचा पारा चढला आणि तिने हिला खरोखरच ढकलून दिलं. मग दोघीही जमिनीवर बसून पोट धरधरून हसल्या. सरांचीही नक्कल करायची. कानावर खोचलेलं पेन अख्ख्या खोलीत शोधत फिरायची. एकदा सर मागेच उभे होते. मुलींची पाचावर धारण बसली. सरांनी स्वतःचा कान चाचपला आणि पेन खिशात टाकलं.

पहिल्या वर्षी ती आली तेव्हा तिचा स्वतःचा असा एक खेळ होता. फार मोठी खेळाडू नव्हती. उंची बेताची, उडी त्याहून बेताची. पण बॉल घेऊन गर्दीत घुसायची आणि घुसताना स्वतःशीच हसायची. दात काय काढतेस म्हणून सर ओरडायचे. मला तिचं ते घुसणं फार आवडायचं. मग तिला नकला येतात हे सरांच्या लक्षात आलं आणि तिची रवानगी कायमची पांढऱ्या बिबात झाली. सामन्याच्या दिवशी ती बेंचवर शेवटच्या खुर्चीत असायची. टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या पुढे करायची, आणि सामना संपला की पुढच्या आठवड्यात आणखी कुणीतरी व्हायची. तिची तक्रार नव्हती. निदान आमच्या कानावर कधी आली नाही.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई ती शाळेत असतानाच गेली. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. शहरभरच्या लिफ्ट चालू ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा, आणि ही गोष्ट भेटेल त्याला आपणहून सांगून हसायचा. कुठे कुणी अडकलं की फोन यायचा आणि जेवणावरून उठून जावं लागायचं. तरी दुसऱ्या वर्षी एकदा वेळ काढून ते सामना बघायला आले. शेवटपर्यंत बसले. ही एकदाही कोर्टावर उतरली नाही. घरी जाताना ते तिला म्हणाले, "पाणी मात्र अगदी वेळेवर देत होतीस हं." त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण हसता हसता थांबली.

"ताई, मी बाबांना सांगून टाकलंय," ती म्हणाली. "मी खेळणार असेन तेव्हा बोलावीन. तोवर यायचं नाही."

शेवटचं वर्ष उजाडलं तरी तिने त्यांना बोलावलं नव्हतं.

आता आमच्या कॉलेजात एक रीत होती. वर्षातला घरच्या कोर्टावरचा पहिला सामना शेवटच्या वर्षाच्या मुलींनी सुरू करायचा. रोज खेळणारी असो की बेंचवरची, सुरुवातीची शिट्टी वाजताना ती कोर्टावर हवी. नंतर हवं तर लगेच बदला. त्या वर्षी अशा तिघीच होत्या. एक कॅप्टन, दुसरी आमची सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे खांब म्हणायचे, आणि तिसरी पाहुणी. सामना होता नदीपलीकडच्या कॉलेजशी. त्यांनी आदल्या वर्षी आम्हाला धुऊन काढलं होतं, आणि धुणारी होती त्यांची सात नंबरची खेळाडू. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली की बॉल तिच्या हातात यायचा आणि तिच्या हातातून थेट बास्केटमध्ये जायचा. मध्ये आम्ही होतो की नव्हतो असा प्रश्न पडायचा.

सरांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. सगळीकडे बॉलच्या जाळ्या आणि ओल्या मोज्यांचा वास.

"यंदा रीत बाजूला ठेवू," ते म्हणाले.

"का?"

"समोर कोण आहे बघितलंस ना? पहिल्या पाच मिनिटांत त्या पुढे गेल्या तर आपण संपलो."

"सर, ती पोरगी इतकी वर्षं कशासाठी घाम गाळतेय?"

"संघासाठी."

"मग संघात आहे की नाही ती? की फक्त सरावापुरती आहे?"

माझा आवाज चढला होता. बाहेर खांब आणि कॅप्टन बॉल मांडण्याचं नाटक करत कान टवकारून उभ्या होत्या. सर कानावरचं पेन खिशात टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर नावं वाचली आणि तिसरं नाव तिचं होतं. ती सात नंबरला अडवणार होती. सात नंबरला तिच्याइतकं ओळखणारं दुसरं होतं कोण? मुलींनी असा गलका केला की आमच्यानंतर हॉल वापरणारे बॅडमिंटनवाले दारातून डोकावले. पाहुणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग धावत बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिने बाबांना फोन लावला.

पण सरांनी एक अट घातली होती, आणि तिचा राग मला अजून येतो. सामन्यापर्यंत सरावात सात नंबर हीच होणार. दुसऱ्या कुणाला ते जमणारच नव्हतं, हे खरं होतं. म्हणजे आमची ही मुलगी सामना सुरू करणार आमच्या बाजूने, आणि रोज सराव करणार त्यांच्या बाजूने.

नदीपलीकडच्यांची एक ठरलेली चाल होती. बॉल पुढे आणणारी त्यांची मुलगी वेणी मागे टाकायची. ती खूण. खूण मिळाली की सात नंबर बास्केटखालून निघायची, मधल्या उंच मुलीला वळसा घालून दाराजवळच्या कोपऱ्यात यायची, आणि वेणीवाली तिकडे न बघताच बॉल फेकायची. न बघता फेकत असल्यामुळे कुणाला सुगावा लागत नसे. आम्ही ती चाल घोटून घेतली. आमच्यातली एक मुलगी वेणी मागे टाकायची. तिचे केस कापलेले होते, तेव्हा ती नुसताच खांदा उडवायची. पाहुणी निघायची, वळसा घालायची, कोपऱ्यात हात तयार, बॉल आला की पकडला आणि टाकला. पुन्हा. पुन्हा. पहिल्या पाच जणी तिला अडवायला शिकत होत्या आणि ती त्यांच्यातून निसटायला. सर खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. "अशीच! अजून लवकर नीघ!"

एकदा सरावानंतर मी तिच्या घोट्याची पट्टी सोडत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, एकदा तरी आपल्या बाजूने खेळू द्या ना. मी सारखी तिकडूनच धावतेय."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या सगळ्या चाली तिला पाठ आहेत. रोज तिच्याच अंगावर तर चालवतो आपण." तरी त्यांनी सरावाचा शेवटचा भाग तिला द्यायचं कबूल केलं. पण सात नंबरची चाल घोटता घोटता वेळ निघून जायचा, आणि शेवटचा भाग यायचा तेव्हा बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन दारात उभे. घसे खाकरत. जाळं बांधायचे खांब आत आणून आपटत. हॉल त्यांच्या नावावर असायचा, बोलायची सोय नव्हती. असं करत तिचा आमच्या बाजूचा सराव झालाच नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी जर्सी वाटल्या तेव्हा बाकीच्यांचे रंग विटलेले आणि तिची जर्सी नवीकोरी. कॅप्टनने ती उचलून धरली आणि नेहमीप्रमाणे काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, पण मारला नाही. नीट घडी घालून तिच्या हातात दिली.

सामन्याच्या दिवशी तिचे बाबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस, पायाशी हत्यारांची पिशवी. सहकाऱ्याने त्यांची पाळी घेतली होती, तरी पिशवी घरी ठेवून यायला मन झालं नसावं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते बोटाने दाखवत होते, ती बघा, ती तिथली, केस मागे बांधलेली. पाहुणीने त्यांना बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

"घाबरलीस?"

"नाही हो ताई. खूप छान वाटतंय."

शिट्टी वाजली. बॉल वर उडाला, त्यांच्या उंच मुलीने तो स्वतःच्या बाजूला टोलवला, आणि त्या पुढे आल्या. पाहुणी सात नंबरच्या समोर, हात पसरून, अगदी शिकवल्यासारखी. वेणीवाली कोर्टाच्या मध्ये थांबली. तिने बॉल एकदा जमिनीवर आपटला आणि वेणी मागे टाकली.

पाहुणी निघाली.

सात नंबर निघायच्या आधी ही निघाली. बास्केटखालून, खांबला वळसा घालून, दाराजवळच्या कोपऱ्यात.  तोच बॉल आला. वेणीवालीने सवयीने, न बघता फेकलेला, आणि तो पाहुणीच्या हातात बसला. अख्ख्या हॉलमध्ये आरोळी उठली. लोकांना वाटलं काय चोरलाय बॉल पोरीने! तिचे बाबा उठून उभे राहिले. कॅप्टन समोरच्या बास्केटकडे पळत सुटली होती, हात वर करून, "दे! दे!" ओरडत.

पाहुणीने बॉल टाकला. ज्या बास्केटवर रोज टाकायची त्याच बास्केटमध्ये, जे आज आम्हाला राखायचं होतं. कड्याला जरासुद्धा न लागता तो जाळीतून खाली आला. इतका सुंदर शॉट मी तिच्या हातून कधी बघितला नव्हता.

पाहुणीने आधी बाबांकडे बघितलं. हॉल गप्प झाला. मग मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणि त्या हसण्याच्या वर टाळ्या ऐकू आल्या, एकाच माणसाच्या. तिचे बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, हात डोक्याच्या वर नेऊन, चेहरा फुललेला. पाहुणी त्यांच्याकडेच बघत होती. मग जाळीकडे. मग स्वतःच्या जर्सीकडे. तिला कळलं तो क्षण मी बघितला. तो बघावा लागला नसता तर बरं झालं असतं.

बोर्डावर पाहुण्या संघाचे दोन गुण लागले. रेफरींनी टेबलाशी जाऊन बोलून घेतलं आणि ते पुसले. आपल्याच बास्केटमध्ये नेम धरून टाकलेल्या बॉलचे गुण मोजत नाहीत, असा नियम आहे. म्हणजे तो ना त्यांच्या खात्यात गेला ना आमच्या. सरांनी बदली मागितली. ती बाहेर आली, शेवटच्या खुर्चीत बसली, आणि सामना संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. सर तिला एक शब्दही बोलले नाहीत. ओरडले असते तर मला चाललं असतं.

आम्ही जिंकलो. सात नंबरची एकही चाल आमच्या मुलींनी चालू दिली नाही. जिथे ती जायची तिथे आमची मुलगी आधी उभी. नाचून झालं, पाणी उडवून झालं. मग कॅप्टन सगळ्यांना गप्प करून म्हणाली, "हे हिच्यामुळे झालंय, कळलं का?" पण तोवर पाहुणी कपडे बदलून निघून गेली होती. व्हरांड्यातून मी त्या दोघांना जाताना बघितलं. बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते, हाताने बॉल टाकून दाखवत होते, आणि ती त्यांची पिशवी उचलून पुढे चालत होती.

पुढच्या आठवड्यात ती सरावाला आली नाही. सरांनी पुढच्या संघाचा व्हिडिओ पाठवला होता, तो तिने उघडलाही नव्हता. मी तिच्या घरी गेले. चार मजले चढून दम लागला. घरात एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. भिंतीला टेकवलेली घडीची खाट, खिडकीत वाळत घातलेला बाबांचा कामाचा गणवेश. बाबा कामावर होते. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली.

"सर बोलावतात," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"हो. कुणीतरी व्हायचं असेल ना."

"असं नको बोलूस गं."

"रागाने नाही बोलत, ताई." ती फरशीवर बोट फिरवत राहिली. "बाबा सगळ्यांना सांगतात, मी पोरीला खेळताना बघितलं. खालच्या दुकानदाराला सांगितलं, कामावर सांगितलं. मला लाज वाटते. पण त्याची नाही वाटत एवढी. ताई, त्यांनी मला बघितलंच नाही हो. ती मी नव्हते. ती सात नंबर होती. त्यांना बोलावलं एकदाच, आणि दाखवलं कुणाला?"

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "परवा खाली पोरं खेळत होती. त्यांचा बॉल घेतला हातात. म्हटलं, आपलं आपण खेळून बघू. तर कुणाकुणाचं काय काय हातात यायला लागलं. त्या डावखुरीचं, सात नंबरचं, गेल्या वर्षीच्या त्या लांब हातवालीचं. माझं काहीच येईना. मी कशी खेळायचे तेच आठवेना."

आणि मग ती रडली. मी खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ फरशीवर बसले. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि मला सरांचा राग येत होता, रीतीचा येत होता, बॅडमिंटनवाल्यांचासुद्धा येत होता. त्या रागाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

बाबा आले तेव्हा तिने घाईने तोंड धुतलं आणि चहा टाकला. चहाबरोबर त्यांनी मला त्या शॉटचं वर्णन ऐकवलं, जणू मी तिथे नव्हतेच. ती कप घेऊन आत निघून गेली. मी निघाले तेव्हा ते मला पोचवायला खाली आले. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि कठड्याला धरून हळू आवाजात म्हणाले, "उलटीकडे टाकला ना तिने?"

मी पायरीवरच थांबले.

"मला खेळातलं कळत नाही, पण माणसं गप्प झालेली कळतात," ते म्हणाले. "पण टाकल्यावर तिने आधी माझ्याकडे बघितलं हो. मग काय करणार? हात आपोआप वर गेले. आता तिला वाटतं की मला काही कळलं नाही, तर तसंच राहू दे. मी आपला सगळीकडे सांगत फिरतो, म्हणजे तिला बरं वाटेल."

त्यांचे डोळे भरले होते. तिने मला वर जे सांगितलं ते मी त्यांना सांगू शकले नाही, आणि त्यांनी जे सांगितलं ते वर जाऊन तिला सांगायची मला बंदी होती. मी मान हलवली. ते जिना चढून गेले. दार उघडलं, आणि मी रस्त्यावर पोचायच्या आत वरून त्यांचा मोठा, हसरा आवाज आला, "ताईसुद्धा म्हणत होत्या बरं का, काय बॉल टाकला होतास!" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.